रस्त्याकडेचा दगड कोणाचे नाव सांगतो?

(मराठवाडा मुक्तिदिनानिमित्त परभणी येथे भरलेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी बरेच जण आज पाथरी, मानवत, जिंतूर, गंगाखेड अशा निरनिराळ्या वाटांनी येथे आलात. वाटेत किती कोनशिला लागल्या, हे कोणी मोजले काय? पुलाच्या कठड्यावर, बसथांब्याच्या भिंतीवर, सभामंडपाच्या दारावर ‘यांच्या शुभहस्ते’ असे कोरलेले असते आणि खाली पाहुण्यांची नावे मानाच्या उतरंडीने लागलेली असतात. ज्याने तो पूल बांधला त्याचे नाव तेथे नसते. रस्त्याकडेचा दगड हे जनतेचे उघडे पाठ्यपुस्तक आहे. त्यात कोणते धडे असावेत, हा सौंदर्याचा नव्हे, सत्तेचा प्रश्न आहे.

गंगाखेडचेच पाहा. गोदाकाठच्या या गावी जनाबाईंचा जन्म झाला आणि लहानपणीच त्या पंढरपुरी नामदेवांच्या घरी कामाला राहिल्या, असे परंपरा सांगते. दळणे, कांडणे, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे हा त्यांचा दिवस. स्वतःला नामदेवांची दासी म्हणविणाऱ्या या स्त्रीने देवालाच जात्याच्या खुंट्याला हात लावायला बोलावले. गंगाखेडात त्यांचे मंदिर आहे, भाविक येतात, हे चांगलेच आहे. परंतु ‘संत’ हा एकच शब्द लिहून आपण मोकळे झालो, तर त्यांच्या हाताचे घट्टे पुसले जातात. मराठी भाषेतील एक थोर कवयित्री घरकाम करणारी मोलकरीण होती, हे वाक्य गावात शिरणाऱ्या रस्त्यावर ठळक अक्षरांत का असू नये?

दुसरा धडा मुक्तिसंग्रामाचा. हैदराबाद संस्थानातील पाच मराठी जिल्ह्यांपैकी परभणी हा एक. देश 1947 साली स्वतंत्र झाला. आपल्याला 17 सप्टेंबर 1948ची वाट पाहावी लागली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या या संग्रामात वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे हुतात्मा झाले. वसमत 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. 1980च्या दशकाच्या आरंभी राज्य सरकारने ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके उभारली, ती योजना मोलाची होती. पण स्मारक बांधणे एका वर्षाचे काम असते, ते बोलके ठेवणे पिढ्यांचे.

येथे एक सावधगिरी मला आग्रहाने सांगावयाची आहे. हा लढा निजामाच्या सरंजामी राजवटीविरुद्ध आणि रझाकारांच्या दहशतीविरुद्ध होता; तो एका धर्माने दुसऱ्या धर्माविरुद्ध केलेला नव्हता. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध व भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने लेखणी चालविली, म्हणून ऑगस्ट 1948मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. आणि पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिने बळींचा किमान अंदाज 27 ते 40 हजार दिला. तो अहवाल मात्र दशकानुदशके दडून राहिला. हुतात्म्यांच्या स्तंभाखाली हे दोन्ही लिहिण्याची हिंमत आपल्याला हवी. अर्धे सत्य कोरलेला दगड पुढे डोकी फोडण्याच्या कामी येतो.

तिसरा धडा खुद्द रस्त्याचा. 1972चा दुष्काळ आठवणारे येथे अजून आहेत. मी तेव्हा पोरवयाचा होतो. आई पहाटे भाकरी बांधून खडी फोडायला जाई. संध्याकाळी तिच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या मी सोडीत असे. 1973च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसे अशा कामांवर होती. त्या घामातून आणि कामासाठी निघालेल्या मोर्चांतून रोजगार हमीचा कायदा झाला. तो 1977 साली मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातील पगारदाराने व्यवसाय कर भरावा व खेड्यातील मजुराला काम मागण्याचा हक्क मिळावा, अशी ती मांडणी होती. 2005 साली देशाने जो कायदा केला, त्याची वाट येथूनच गेली. ज्या रस्त्यावरून आज मोटारी धावतात, त्याच्या थरात आपल्या आयांनी फोडलेली खडी आहे. तेथे एक साधा फलकही नाही.

कोणी विचारील, पोटाला नसताना दगडांचे काय कौतुक? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, हक्क कसा मिळाला हे जो विसरतो, त्याला तोच हक्क उद्या मेहेरबानी म्हणून वाटला जातो, आणि परवा काढूनही घेतला जातो.

म्हणून तीन कामे सुचवितो. पहिले, प्रत्येकाने आपल्या गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून दुष्काळाच्या व मुक्तिसंग्रामाच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात. ही माणसे फार दिवस थांबणार नाहीत. दुसरे, ग्रामसभेत ठराव मांडून फलक लावावा आणि त्याचा मजकूर सभेत वाचून मंजूर करावा. तिसरे, त्या फलकावर अनावरण करणाराचे नाव असू नये. सरकारच्या निधीची वाट पाहू नका; चुन्याने रंगविलेला धोंडाही पुरेल.

पुढच्या शिबिराला याल तेव्हा निदान दहा गावांच्या वह्या बरोबर आणा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.