भुकेची बळजबरी



राज्यघटनेवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे काहींना वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभांत फार झाले. पण घटनेचे तेविसावे कलम आम्हांला एका रुपयाच्या हिशेबातून समजले, आणि त्या हिशेबाला सनद लागत नाही.

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरायच्या होत्या. त्यासाठी क्रीडागारे आणि उड्डाणपूल बांधणे चालू होते. मजूर परप्रांतांतून आणलेले. कायद्याने किमान रोजी ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार, म्हणजे आपल्याकडचा मुकादम, दलाली म्हणून कापी. मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. बायांना तर सातच रुपये मिळत.

पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. सरकार म्हणाले, मजूर आमचे नव्हेत, कंत्राटदाराचे. आणि ही संस्था कोण विचारणारी? न्यायालयाने दोन्ही आक्षेप फेटाळले. गरिबाला कोर्टाची पायरी चढवत नसेल, तर त्याच्या वतीने दुसऱ्याने दाद मागावी, असे ठरले.

खरा प्रश्न पुढेच होता. तेविसावे कलम वेठबिगारीला आणि सक्तीच्या श्रमाला बंदी करते. पण इथे सक्ती कुठे होती? कोणी चाबूक उगारला नव्हता. मजूर आपल्या पायांनी आले होते. मालकमंडळींच्या तोंडून हा युक्तिवाद आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. १८ सप्टेंबर १९८२ च्या निवाड्याने त्याला उत्तर दिले: पोटाची आग हीदेखील बळजबरीच आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीत जो राबतो, तो खुशीने राबत नाही. ते सक्तीचेच श्रम होत.

पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात हेच तत्त्व लागू झाले. दुष्काळग्रस्तांना काम देतो हे उपकार, म्हणून मजुरी कमी, हे न्यायालयाने मानले नाही. खडी फोडायला गेलेली माणसे ज्यांच्या घरात होती, त्यांना या निवाड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता एक गोष्ट आपल्या दारातली. हे कलम केवळ सरकारला बांधत नाही. खाजगी माणसालाही बांधते, असे त्याच निवाड्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा आपल्यापैकी ज्यांच्या घराचे बांधकाम चालू असेल, त्यांनी उद्या सकाळी मुकादमाला नव्हे, पाटी वाहणाऱ्या बाईला विचारावे, 'बाई, हातात किती पडतात?' निवाडा न्यायमूर्तींनी दिला. रुपया परत मिळवून देणे आपले काम आहे.