पिशवी आधी, क्यूआर नंतर



व्यसनमुक्तीच्या वाटेवरचे काही सहकारी विचारतात, ‘आमच्या बैठकीत क्यूआर कोड लावून देता का?’ कोड लावायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण त्याआधी थोडा विचार करायला हवा.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही बिरादरी 1935 साली अमेरिकेत सुरू झाली. तिथे फी नाही, वर्गणी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. तिची सातवी परंपरा सांगते की प्रत्येक समूहाने स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि बाहेरची देणगी घेऊ नये. म्हणून बैठकीत पिशवी फिरते. त्यातून खोलीचे भाडे, चहा आणि पुस्तकांचा खर्च निघतो. आता तरुणांच्या खिशात रोकड नसते, त्यामुळे पिशवी हलकी होते. भाडे थकले की कुणा दात्याकडे हात पसरावा लागतो आणि स्वावलंबन जाते. म्हणून बदल हवाच.

पण पिशवीत एक न्याय आहे. कुणी दहा टाकले, कुणी शंभर, कुणी नुसताच हात घातला, हे कुणालाच कळत नाही. यूपीआयमध्ये देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला दिसते आणि व्यवहार खात्याच्या उताऱ्यात राहतो. आपल्या समाजात दारू हराम, त्यामुळे व्यसन झाकले जाते आणि त्यावरचा उपचारही झाकला जातो. एखाद्या बाईचा फोन घरातले चार जण हाताळत असतील, तर बँकेचा एक मेसेज तिची बैठक बंद करू शकतो. गुप्तपणे दिलेल्या सदक्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. इथे तर ती गुप्तता देणाऱ्याचे संरक्षण आहे.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत.

पिशवी बंद करू नका. ती आधी फिरवा, कोड नंतर दाखवा. कोड दाराशी लावू नका, नवा माणूस त्याला प्रवेश फी समजेल.

कोड कुणा सदस्याच्या वैयक्तिक खात्याचा नको. तो माणूस आजारी पडला, गाव सोडून गेला किंवा पुन्हा व्यसनात अडकला, तर समूहाचे पैसे आणि त्याची अब्रू दोन्ही अडकतात. खाते समूहाच्या नावावर आणि दोघांच्या सहीचे असावे. पैसे देताना खात्याचे नाव पडद्यावर येते, त्यामुळे त्या नावात दारूचा उल्लेख नसेल तर बरे.

रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स नको. तो दुकानात ठीक, बैठकीत नाही.

उतारा फक्त खजिनदाराने पाहावा. बैठकीत एकूण आकडा सांगावा, नावे नाहीत.

देणाऱ्यांना आपला मोबाइल नंबर नसलेला यूपीआय आयडी वापरायला शिकवा. यूपीआय लाइटमधून दिलेली छोटी रक्कम बँकेच्या उताऱ्यात एकेक करून येत नाही, पण अ‍ॅपमध्ये आणि घेणाऱ्याकडे तिची नोंद राहते. हेही त्यांना स्पष्ट सांगा. पूर्ण निनावी काहीच नाही, रोकड सोडून.

तंत्रज्ञानाने सोय करावी, सक्ती नव्हे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याच्याकडे आज दहा रुपयेही नाहीत, त्यालाही उद्याच्या बैठकीला ताठ मानेने येता आले पाहिजे. कोड लावण्यापूर्वी समूहात चर्चा करा आणि सर्वांचे मत घ्या. तांत्रिक मदत करायला आम्ही आहोत. निर्णय मात्र तुमचाच असावा.