बागेतले फोटो : सुरुवात कोठून करावी?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी संगणकाचा शिक्षक नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकवतो. तेव्हा संगणकावर फोटो कसे दुरुस्त करावेत या विषयावर बोलायला मला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. शाळेच्या मागच्या अंगणात मुलामुलींनी जी बाग केली, तिचे फोटो भिंतीवर लावण्याचे काम माझ्याकडे आले. ते करताना मला ज्या ठेचा लागल्या, त्या आपल्याला लागू नयेत एवढ्यासाठी मी उभा आहे.

सर्वांत मोठी ठेच मात्र त्याच्या आधीची, घरची आहे. माझे अब्बा नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ओट्याशी तेलाच्या रिकाम्या डब्यांत गुलाब, अबोली, मोगरा लावला. २०१६ साली पावसाळा सरता सरता एका गुलाबाला एकदम सात फुले आली. मी मोबाईलवर फोटो काढला. मागे अब्बा झारी घेऊन उभे होते. त्या दिवसांत मला फोटो ‘सुधारण्याचा’ नाद नवा नवा लागला होता. मी अब्बांना कापून काढले, फुले मध्यभागी घेतली, लाल रंग भडक केला आणि जुन्या फोटोच्या जागीच नवा साठवून टाकला. नातेवाइकांनी वाहवा केली. पुढच्या वर्षी अब्बा गेले. आज त्या फोटोत डाव्या कडेला झारीची तोटी दिसते आणि सदऱ्याची एक बाही. मूळ फोटो मी सगळीकडे शोधला. तो नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कोणताही प्रोग्रॅम उघडण्यापूर्वी एक सवय लावून घ्या. संगणकावर दोन फोल्डर करा. एकाला ‘मूळ’ नाव द्या, दुसऱ्याला ‘काम’. कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेला फोटो ‘मूळ’मध्ये ठेवा आणि त्याला हात लावू नका. त्याची नक्कल ‘काम’मध्ये घेऊन तिच्यावर काय हवे ते प्रयोग करा. यात आणखी एक कारण आहे. आपले बहुतेक फोटो ‘जेपेग’ या प्रकारचे असतात. ही पद्धत फोटो लहान जागेत मावावा म्हणून त्यातला काही बारकावा टाकून देते. फोटो बदलून पुन्हा पुन्हा त्याच प्रकारात साठवला, की दर वेळी थोडा थोडा बारकावा जातो आणि एकदा गेलेला परत येत नाही.

आता प्रोग्रॅम कोणता घ्यावा? इथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोटोचे काम शिकायचे म्हणून एका क्लासला नाव घातले. वडिलांनी उसनवारी करून फी भरली. क्लासवाल्याने त्याला एक महागडा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हमध्ये भरून दिला. तो अर्थातच चोरीचा होता. थोड्याच दिवसांत तो बंद पडला आणि त्याच्यासोबत आलेल्या व्हायरसने संगणकातले बाकीचेही खाऊन टाकले. मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, विकत घ्यायची ऐपत नाही, मग काय करायचे?” त्याला वाटत होते, गरिबाला चोरीवाचून मार्गच नाही. हा समज मला त्या व्हायरसपेक्षा वाईट वाटला.

मार्ग आहे, आणि तो जुना आहे. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी होते. त्यांनी १९९५ साली ‘जिम्प’ नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि १९९६ साली तो लोकांपुढे ठेवला. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. त्याची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. शाळेतल्यासारख्या जुन्या संगणकावर त्याआधीची २.१० आवृत्ती आपले काम भागवते. तो फुकट आहे, एवढेच त्याचे वैशिष्ट्य नाही. त्याचा परवानाच असा आहे की, आपण तो वापरावा, त्याच्या नकला काढून मित्रांना द्याव्यात, समजत असेल तर त्याची आतली रचनाही बदलावी. पेन ड्राइव्हमध्ये भरून शेजाऱ्याला दिला तर त्यात चोरी नाही. मात्र तो मूळ घ्यायचा तो ‘जिम्प डॉट ओआरजी’ या त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावा. भलत्या ठिकाणी सारख्या नावाने भलतेच काही मिळते.

जाता जाता दुसरेही एक नाव सांगतो. ‘इरफानव्ह्यू’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम १९९६ पासून आहे. बोस्नियात जन्मलेल्या आणि व्हिएन्नात शिकलेल्या इरफान श्किलयान यांनी तो केला. फोटो पटकन पाहणे, फिरवणे, कापणे, लहान करणे याला तो उत्तम आणि जुन्या संगणकावरही चपळ चालतो. घरगुती वापराला तो फुकट आहे. पण तो जिम्पसारखा मुक्त नाही, म्हणजे त्याची आतली रचना लेखकाने स्वतःकडे ठेवली आहे. फुकट आणि मुक्त यांतला हा फरक मुलांनी समजून घ्यावा.

आता प्रत्यक्ष काम. जिम्प प्रथम उघडला की इतकी बटणे दिसतात की माणूस घाबरतो. मीही घाबरून दोन वेळा बंद केला होता. बागेच्या फोटोला त्यातली चार-पाचच लागतात.

आधी फोटो सरळ करा. वाफ्याची कड किंवा भिंत तिरकी आली असेल तर ‘रोटेट’ने एखाददुसरा अंश फिरवा. मग ‘क्रॉप’ने कडेचा नको तो भाग काढा. इथे घाई नको. कापण्यापूर्वी कडेला कोण उभे आहे ते पाहा.

त्यानंतर ‘कलर्स’ या मेनूतले ‘लेव्हल्स’ उघडा. मला विचाराल तर बागेच्या फोटोचे निम्मे काम या एका ठिकाणी होते. तिथे डोंगरासारखी एक आकृती दिसते. डावीकडचे टोक म्हणजे काळे, उजवीकडचे पांढरे. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ असे आकडे आहेत. पावसाळी हवेत काढलेल्या फोटोचा डोंगर मध्येच गोळा झालेला असतो आणि दोन्हीकडे रिकामे मैदान असते. म्हणूनच तो फोटो धुरकट दिसतो. खाली तीन छोटे त्रिकोण आहेत. डावा त्रिकोण डोंगर जिथे सुरू होतो तिथपर्यंत आणा, उजवा जिथे संपतो तिथपर्यंत. बस, धुके उठल्यासारखे वाटेल. मधला त्रिकोण थोडा डावीकडे नेला की पानांखालची सावली उजळते.

आमच्या बागेवर हिरवी जाळी आहे. तिच्याखाली काढलेले सगळे फोटो हिरवट आले, मोगरासुद्धा हिरवा! यावर उपाय मला फार उशिरा कळला आणि तो त्याच ‘लेव्हल्स’मध्ये होता. तिथे तीन पिचकाऱ्यांसारखी चिन्हे आहेत. मधली करड्या रंगाची घ्या आणि फोटोत जी वस्तू खरोखर करडी आहे तिच्यावर टिचकी मारा. आम्ही सिमेंटच्या कुंडीवर मारली. प्रोग्रॅमला कळले की हा करडा, आणि बाकीचे रंग त्याप्रमाणे आपापल्या जागी आले. तेव्हापासून फोटोत सिमेंटची एक कुंडी असावी असा आमचा आग्रह असतो.

हिरवा रंग फार भडक वाटला तर ‘ह्यू-सॅच्युरेशन’मध्ये जाऊन तो कमी करता येतो. पण गंमत अशी की, ‘ग्रीन’ निवडून हालवले तर फारसा फरक दिसत नाही. गवतापानांच्या हिरव्यात पिवळा पुष्कळ असतो, म्हणून आधी ‘यलो’ निवडून पाहावे.

आता जास्वंदीची अडचण. लाल जास्वंदीचा फोटो पुष्कळदा असा येतो की, जणू कोणी लाल कागद कापून चिकटवला आहे. पाकळीवरच्या शिरा नाहीत, चुण्या नाहीत. ‘लेव्हल्स’मध्ये ‘रेड’ निवडून पाहिले तर डोंगर उजव्या भिंतीला जाऊन टेकलेला दिसतो. म्हणजे कॅमेऱ्याने लालाची नोंद २५५ वर जाऊन थांबवली आणि त्यापुढचे भेद लिहिलेच नाहीत. जे लिहिलेच नाही ते कोणताही प्रोग्रॅम वाचू शकत नाही. उपाय बागेतच करायचा. सकाळी लवकर, किंवा फुलावर आपल्या अंगाची सावली धरून फोटो काढा. पुष्कळ फोनवर फुलाला बोटाने स्पर्श केला की सूर्याचे चिन्ह येते. ते खाली ओढून फोटो थोडा काळसर घ्या. काळसर फोटो नंतर उजळता येतो.

तसेच बादलीचे. वाफ्यात पडलेली निळी बादली जिम्पमधल्या ‘हील’ आणि ‘क्लोन’ या साधनांनी पुसता येते. ती पुसायला मला एक तास लागला, आणि तरी तिथले गवत शिवलेल्या गोधडीसारखे दिसले. बादली उचलून बाजूला ठेवायला अर्धा मिनिट लागला असता.

एक हकीकत मात्र सांगितली पाहिजे. प्रदर्शनासाठी एका विद्यार्थ्याने घरच्या शेवंतीचा फोटो आणला. फुले निळीभोर! परीक्षकांनी तो पहिल्या क्रमांकासाठी काढूनही ठेवला होता. निळी शेवंती निसर्गात नाही. जपानमधील शास्त्रज्ञांनी जनुकांत बदल करून ती मिळवल्याचे २०१७ साली जाहीर केले, आणि त्यासाठी त्यांना कित्येक वर्षे खपावे लागले. आमच्या विद्यार्थ्याला दोन मिनिटे लागली. त्याची आई प्रदर्शन पाहायला आली. फोटोसमोर बराच वेळ उभी राहून ती म्हणाली, “सर, डबा आमचाच आहे, पण ही फुले आमच्या दारातली नाहीत.” मुलगा खाली मान घालून उभा होता. मी त्याला रागावलो नाही. त्याला नियम कोणी सांगितलाच नव्हता, आणि अब्बांना कापून काढणारा मीच होतो. त्यानंतर आम्ही नियम केला. फोटो सरळ करणे, कडा कापणे, उजेड आणि रंगाची छटा मुळाप्रमाणे आणणे, एवढ्याला मोकळीक. एखादी वस्तू घातली, काढली किंवा तिचा रंग बदलला, तर फोटोखाली तसे लिहायचे. आणि प्रत्येक फोटोबरोबर मूळ फोटो दाखवायचा. त्या मुलाने नंतर पिवळ्या शेवंतीचाच फोटो लावला. त्याला बक्षीस मिळाले नाही, पण त्याची आई पुन्हा येऊन बघून गेली.

जिम्प उघडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यात ‘सेव्ह’ केले की फोटो ‘एक्ससीएफ’ या त्याच्या स्वतःच्या प्रकारात राहतो. तो पुढच्या कामासाठी ठेवावा. इतरांना द्यायचा फोटो ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ने नव्या नावाने काढावा. ‘ओव्हरराइट’ असे लिहिलेले दिसेल, तिकडे जाऊ नका. छापायचा असेल तर एका इंचात ३०० ठिपके असा हिशेब धरतात. म्हणजे ६ बाय ४ इंचांच्या फोटोला १८०० बाय १२०० ठिपके हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीप्रमाणे पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो, म्हणून छापखान्याला पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. या स्मरणिकेसाठी आलेले निम्मे फोटो आम्हाला याच कारणाने परत मागवावे लागले!

पालकांपैकी काहींनी मला आधीच विचारले आहे, “सर, मुलीच्या हातात मोबाईल आणि इंटरनेट देणे आम्हाला पसंत नाही, मग?” आपली काळजी मी समजतो. पण जिम्प एकदा संगणकावर घेतला की त्याला इंटरनेट लागत नाही. फोटो आपल्या फोनवर, आपल्या देखत काढू द्या. काम शाळेच्या संगणकावर होईल. फोटो शिकून नोकरी लागेल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. मात्र बागेत सर्वांत जास्त राबणाऱ्या मुली प्रदर्शनाच्या वेळी नुसत्या खुर्च्या लावत होत्या, हे मला खटकले.

शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास संगणक कक्ष उघडा राहील. पाच संगणकांवर जिम्प घातला आहे. ज्यांच्याकडे घरी संगणक आहे त्यांनी पेन ड्राइव्ह आणावा, मी नक्कल देईन. ज्यांच्याकडे नाही त्यांनी फक्त फोटो आणावा; आपल्या दारातला, कुंडीतला, डब्यातला कोणताही चालेल. मात्र मूळ आणा, कोणी रंगवून दिलेला नको. आणि कडेला घरचे कोणी उभे असेल तर त्यांना तसेच राहू द्या.