चित्रातला किडा, पऱ्हाटीवरचा किडा

माझ्या पाच वर्षांच्या नातीकडे चित्रांचं एक पुस्तक आहे. त्यात लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा एक गोल किडा हिरव्या पानावर बसून हसतो. नात त्याला 'लेडीबग' म्हणते. "आपल्या भाषेत काय म्हणतात गं याला?" मी विचारलं. तिला सांगता आलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही चटकन आठवलं नाही.

आमच्या लहानपणी लाल किडा म्हणजे एकच. पहिला पाऊस पडला की मातीतून वर येणारा मखमली मृगाचा किडा. माझी दादी त्याला बीरबहुटी म्हणायची. पण त्याला ठिपके नसतात आणि पाय आठ असतात. पुस्तकातला किडा सहा पायांचा. शेतीच्या पुस्तकांत त्याला ढालकिडा किंवा चित्रांग भुंगेरा म्हणतात. चांगली नावं आहेत, पण ती बालवाडीपर्यंत पोचलीच नाहीत.

युरोपात मात्र हा किडा मुलांचा जुना सोबती. त्याच्या इंग्रजी नावातली 'लेडी' म्हणजे येशूची आई मेरी, आम्ही जिला बीबी मरियम म्हणतो ती. इंग्लंडमधल्या एका बालपुस्तक प्रकाशनानं तर 'लेडीबर्ड' हे नाव आणि बोधचिन्ह दोन्ही याच किड्याकडून घेतलं. एरिक कार्ल या चित्रकार-लेखकानं 1977 साली एका चिडक्या ढालकिड्याची गोष्ट लिहिली. पानावरचा मावा दुसऱ्याला वाटून द्यायला नको म्हणून तो भांडतो, एकाहून एक मोठ्या प्राण्यांना आव्हान देत फिरतो आणि शेवटी उपाशीच परत येतो. हा किडा मावा खातो, हे त्या गोष्टीत आहे. बहुतेक चित्रांत एवढंही नसतं. तिथे तो नुसता शोभेचा असतो.

मागच्या भादव्यात नातीला घेऊन आर्णीकडे भावाच्या वावरात गेलो होतो. पऱ्हाटीच्या पानांमागे मावा दाटला होता. नात चित्रातला किडा शोधत होती आणि एकदम ओरडली. पानावर काळपट, काटेरी, नारिंगी डागांची एक अळी चालली होती. चिमुकली मगरच जणू. पोर घाबरली म्हणून मी ती अळी चपलेखाली चिरडली.

निंदणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "काहून मारली जी? ते तं मावा खाते. तुमच्या पोरीच्या पुस्तकातल्या किड्याचंच लेकरू हाय ते."

मी गप्प झालो. उभा जन्म कापसाच्या मुलखात गेला, कवितेत पऱ्हाटी कितीदा आली असेल. पण ही अळी मला ओळखता आली नाही. मावशींना शेतीशाळेत दाखवली होती.

पानावर उभ्या मांडलेल्या पिवळ्या अंड्यांतून ही अळी निघते. कोषात जाईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. कोषातून बाहेर येणारा किडा आधी फिका, बिनठिपक्यांचा असतो. रंग आणि ठिपके नंतर उमटतात. चित्रात येतो तो एवढा शेवटचा भाग. सगळे ठिपकेवाले मित्र असतात असंही नाही. त्यांचाच एक अठ्ठावीस ठिपक्यांचा भाऊबंद वांग्याची पानं खरवडून जाळी करतो.

हे सगळं आपल्या जिल्ह्यात सांगावंसं वाटतं, त्याला कारण आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ढालकिड्यानं ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. बोंडात शिरलेली गुलाबी अळी त्याच्या आवाक्यातली नव्हे. पण पानावर दिसेल तो किडा वैरी, हे आपल्या मनात फार लवकर बसतं. मग पंप पाठीवर घेताना पानाची मागची बाजू बघायचं राहून जातं. मित्र कोण, वैरी कोण, हे ओळखता आलं तर एखादी फवारणी तरी टळेल. एक फवारणी टळली, तर तेवढा दिवस माणसाच्या नाकातोंडात विष जात नाही.

म्हणून मुलांसाठी चित्रं काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे. तुमचा लाल किडा खुशाल हसू द्या. पण त्याला एखाद्या वेळी पऱ्हाटीच्या पानावर बसवा, शेजारी मावा काढा आणि ती काळी, कुरूप अळीही काढा. खाली मराठी नाव लिहा. मुलं कुरूप चित्रांना भीत नाहीत. ओळख नसते त्याला भितात.

घरी आल्यावर नातीनं पुस्तकातल्या त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं अळी काढली. पाय मोजून सहा काढले. मग विचारलं, "दादा, ती मेली ना?"

मी हो म्हणालो.