आदल्या दिवशीचा पदार्थ
(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



आजचा विषय आहे क्रीमी पास्ता सॅलड. उकडलेली मॅकरोनी, बारीक चिरलेल्या भाज्या आणि मेयोनीजचं दाट, आंबूस मिश्रण एकत्र कालवून गार केलेला हा पदार्थ. अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. या दोन सुट्ट्यांच्या मधला काळ हा तिथल्या लोकांचा उन्हाळा. त्या दिवसांत परसात, बागेत, चर्चच्या आवारात, तळ्याकाठी माणसं जमतात. एकीकडे निखाऱ्यावर मांस नाहीतर मक्याची कणसं भाजली जातात आणि टेबलावर या सॅलडचं मोठं भांडं असतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या पदार्थाला चव येते ती त्याला आधी मिळालेल्या वेळामुळे, आणि त्या वेळामुळेच रांधणाऱ्या माणसाला पाहुण्यांबरोबर बसता येतं. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं घेऊन जेवणाऱ्या बायका आपण घरोघरी पाहिल्या आहेत. ऐन वैशाखात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, गॅसपुढे घामाघूम उभं राहणं हा आदरातिथ्याचा भाग समजला जातो. तो तसा नसावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेतल्या मॅकरोनीबद्दल बोलताना जेम्स हेमिंग्ज यांचं नाव घ्यायलाच हवं. थॉमस जेफरसन 1784 मध्ये पॅरिसला गेले, तेव्हा आपल्या मालकीच्या या तरुण गुलामाला फ्रेंच स्वयंपाक शिकवण्यासाठी त्यांनी बरोबर नेलं. हेमिंग्ज तिथे उत्तम आचारी झाले. पुढे त्यांना मुक्त करण्याचं ठरलं, तेव्हा अट अशी होती की आधी त्यांनी आपल्या जागी दुसरा स्वयंपाकी तयार करावा. त्यांनी धाकट्या भावाला शिकवलं आणि 1796 मध्ये ते मुक्त झाले. 1802 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे मॅकरोनीचा एक प्रकार वाढला गेल्याची नोंद एका पाहुण्याने करून ठेवली आहे. ज्या हातांनी हे अन्न त्या देशात रुजवायला मदत केली, त्या हातांना मोबदला मिळत नव्हता किंवा फार थोडा मिळत होता, हे विसरू नये.

मॅकरोनीचं सॅलड व्हायला मात्र विसावं शतक यावं लागलं, कारण त्याला दोन गोष्टी लागतात: तयार मेयोनीज आणि घरोघरी शीतकपाट. रिचर्ड हेलमन या जर्मन स्थलांतरिताने 1905 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबस अव्हेन्यूवर खाद्यपदार्थांचं दुकान काढलं. त्याच्याकडचं मेयोनीज इतकं खपू लागलं की 1912 च्या सुमारास तो ते काचेच्या बरण्यांत भरून विकू लागला. दक्षिणेत युजीनिया ड्यूक या बाईंनी 1917 मध्ये ग्रीनव्हिलजवळच्या लष्करी छावणीतल्या सैनिकांना सँडविच विकायला सुरुवात केली आणि त्यांच्या घरच्या मेयोनीजचा पुढे मोठा उद्योग झाला. विजेवर चालणारं शीतकपाट सामान्य घरांत आलं, तेव्हा आदल्या दिवशी करून ठेवायचा थंड पदार्थ कुणालाही जमू लागला. ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं, या तिथल्या पॉटलकच्या रिवाजात तो अगदी बरोबर बसला. स्वस्त, पोटभरीचा, गाडीतून नेता येणारा आणि गेल्यावर पुन्हा गरम करावा न लागणारा.

तिथून तो जिथे गेला तिथला झाला. हवाईमध्ये ऊसमळ्यांवर जपानी, चिनी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजूर काम करत. त्यांच्या डब्यांतून पुढे प्लेट लंच हे जेवण आकाराला आलं. त्यात दोन मुदी भात, एक मूद मॅकरोनी सॅलड आणि सोबत मांस किंवा मासळी असते. जपानमध्ये तोइचिरो नाकाशिमा यांनी 1925 मध्ये क्युपी मेयोनीज बाजारात आणलं. आज मॅकरोनी सॅलड तिथल्या डब्यांत सर्रास दिसतं. फिलिपिन्समध्ये तर त्यात कंडेन्स्ड मिल्क आणि अननस घालून ते नाताळात गोड खातात.

आता कृतीकडे वळू. पास्त्याचा गहू वेगळा असतो. तो ड्युरम गहू, म्हणजे आपल्याकडचा बक्षी किंवा बन्सी. दाणा कठीण, पिवळसर, त्याचा रवा चिवट. म्हणूनच आपल्या आज्या शेवया-कुरडयांसाठी तोच मागत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने या गव्हाच्या जाती विकसित केल्या आहेत. त्यांच्या एमएसीएस 4028 या जातीत प्रथिनं सुमारे 14.7 टक्के आहेत. पाकीट घेताना त्यावर ड्युरम रवा लिहिलं आहे की नाही, ते बघा. मैद्याचा पास्ता या सॅलडात दुसऱ्या दिवशी गिजगा होतो.

दहा-बारा माणसांसाठी अर्धा किलो मॅकरोनी घ्या. पाणी पाच लिटर आणि त्यात 50 ग्रॅम मीठ. हे मीठ जास्त वाटतं, पण बहुतेक सगळं पाण्याबरोबर निघून जातं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एखाद-दोन मिनिटं जास्त शिजवा. गरम पास्ता किंचित कणीदार ठेवतात. थंड खायचा असेल तर तो नियम सोडायचा. याचं कारण स्टार्चमध्ये आहे. शिजताना स्टार्चचे रेणू पाणी पिऊन मोकळे होतात आणि गार झाल्यावर पुन्हा एकमेकांना धरून घट्ट होतात. रात्रीचा मऊ भात सकाळी टणक लागतो तो याच कारणाने. सॅलडचा पास्ता शीतकपाटात कडक होणारच आहे, म्हणून आधी थोडा मऊ करायचा.

शिजला की चाळणीत ओता, गार पाण्याने एकदा धुऊन घ्या. गरम सॉसच्या पास्त्याला असं धूत नाहीत, कारण वरचा स्टार्च सॉस धरून ठेवतो. इथे तोच स्टार्च गोळे करतो. पूर्ण गार मात्र करू नका. कोमट असतानाच त्यावर दोन मोठे चमचे व्हिनेगर शिंपडून हलवा. हवाईतल्या स्वयंपाकघरांत हीच युक्ती वापरतात. कोमट पास्ता आंबटपणा आत ओढून घेतो. थंड पास्त्यावर तो नुसता वरवर राहतो.

आता मेयोनीज. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. पण अंड्याच्या बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. तेल थेंबाथेंबाने घालून घोटलं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात, लेसिथिन त्यांच्याभोवती बसतं आणि ते पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे मेयोनीज म्हणवण्यासाठी त्यात निदान 65 टक्के वनस्पती तेल असावं लागतं. इतकं तेल असूनही ते जिभेला मलईसारखं लागतं, ते या सूक्ष्म थेंबांमुळे.

घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज उन्हाळ्यात करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. केरळने जानेवारी 2023 मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. पाश्चरीकृत अंड्याचं बाटलीतलं घ्या, नाहीतर दुधाचं करा. दुधातली प्रथिनंही तेल धरून ठेवतात. उंच भांड्यात 100 मिलिलिटर गार दूध, 200 मिलिलिटर वासरहित तेल, अर्धा चमचा मोहरीची पूड आणि मीठ घ्या. हातातला ब्लेंडर तळाशी टेकवून सुरू करा आणि मिश्रण पांढरं, दाट होत गेलं की हळूहळू वर उचला. लिंबाचा रस शेवटी पिळा. तो आणखी दाटपणा आणतो. शाकाहारी घरासाठी याहून सोपी वाट मला माहीत नाही.

अर्धा किलो पास्त्याला 300 ग्रॅम मेयोनीज आणि 150 ग्रॅम चक्का पुरतो. चक्क्यामुळे तेलकटपणा कमी होतो आणि ताजा आंबटपणा येतो. वर एक चमचा साखर, मिरपूड आणि थोडी मोहरीची पूड.

भाज्यांमध्ये दोन गोष्टी सांभाळा: पाणी आणि उग्रपणा. काकडी चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा, नाहीतर तेच पाणी रात्रभर सॅलडात झिरपतं. कांदा बारीक चिरून गार पाण्यात दहा मिनिटं बुडवा, म्हणजे त्यातली झोंबणारी गंधकयुक्त द्रव्यं धुऊन जातात. अमेरिकन सॅलडात सेलरी हवीच, कारण मऊ पास्त्यात दाताखाली काहीतरी कुरकुरीत यावं लागतं. ती मिळाली नाही तर ढोबळी मिरची आणि गाजर ते काम करतात. उकडलेलं अंडं आणि खारवलेली काकडी आवडीप्रमाणे.

सगळं कालवताना मेयोनीज-चक्क्याच्या मिश्रणाचा तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवा. रात्रभरात पास्ता मिश्रण शोषून घेतो आणि सकाळी सॅलड कोरडं दिसतं. तेव्हा राखून ठेवलेला भाग आणि दोन चमचे दूध घालून हलवलं की ते पुन्हा मोकळं आणि मुलायम होतं. मीठ आणि आंबटपणाही तेव्हाच चाखा. थंडपणात जिभेला चव कमी कळते, विशेषतः गोड. म्हणून गरम असताना बरोबर वाटलेलं सॅलड थंड झाल्यावर फिकं लागतं. खायचं ज्या तापमानाला, चाखायचंही त्याच तापमानाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिकनिकला पोट बिघडलं की दोष मेयोनीजला देण्याची पद्धत आहे. बाटलीतलं मेयोनीज आम्ल असतं, त्यातलं अंडं पाश्चरीकृत असतं, त्यामुळे त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. धोका असतो तो पास्त्यात, अंड्यात, हाताळणाऱ्या हातांत. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात आणि शिजलेलं अन्न उबदार राहिलं की वाढू लागतात. त्यांचं एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. बेल्जियममध्ये ऑगस्ट 2003 मध्ये एका कुटुंबाने शुक्रवारी पास्ता सॅलड केलं, शनिवारी पिकनिकला नेलं आणि उरलेलं शीतकपाटात ठेवून सोमवारी मुलांना वाढलं. त्या शीतकपाटाचं तापमान 14 अंश सेल्सिअस होतं. पाच मुलं आजारी पडली आणि सात वर्षांची मुलगी दगावली. त्या घराने मुलांना प्रेमानेच वाढलं होतं. प्रेमाला तापमानाची जोड लागते.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम साधा आहे: 4 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतू वाढण्याचा टप्पा. नाशवंत अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि बाहेर 32 अंशांहून जास्त ऊन असेल तर एकच तास. नागपूर, जळगाव, सोलापूरकरांनी आपल्यासाठी एकच तास धरावा. शिजलेला पास्ता उथळ ताटात पसरून लवकर गार करा, खोल पातेल्यात ठेवू नका. नेताना बर्फाच्या पेटीत न्या, वाढताना बर्फ भरलेल्या परातीत भांडं ठेवा आणि एकदम सगळं बाहेर न काढता थोडं थोडं काढा. 4 अंशांवर सॅलड तीन-चार दिवस टिकतं. बाहेर राहून गेलेलं मात्र टाकून द्या. अन्न टाकू नये हा आपला संस्कार मी मानतो. म्हणूनच मोजून करावं असं सांगतो.

हे सॅलड तिकडच्या मराठी पंगतीतही आलं आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1981 मध्ये झाली. गावोगावच्या मराठी मंडळांच्या उन्हाळी सहली तिथल्या सार्वजनिक बागांत होतात. अंगतपंगत आपल्याला ठाऊक होतीच, त्यामुळे पॉटलक तिथल्या मराठी माणसांना शिकावं लागलं नाही. भेळेच्या आणि बटाटेवड्यांच्या शेजारी पास्ता सॅलडचं भांडं सहज मांडलं जातं. मात्र वड्यांचा घाणा ऐन वेळी काढावा लागतो आणि कुणीतरी कढईपाशी अडकतं. सॅलड आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून करता येतं: पुरुषांनी भाज्या चिराव्यात, मुलांनी अंडी सोलावीत, मोठ्या मुलीने किंवा मुलाने मेयोनीज घोटावं.

चांगलं अन्न वाढावं आणि वाढणाऱ्यानेही सगळ्यांबरोबर बसून ते खावं, या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी होऊ शकतात. त्यासाठी आदल्या दिवशीचा एक तास आणि परातभर बर्फ एवढंच लागतं. या मे महिन्यात आपल्या घरी माणसं जमतील, तेव्हा मेनू ठरवताना निदान अर्धे पदार्थ असे निवडा, जे आधी होतात आणि थंडच खायचे असतात. आणि पानं मांडाल, तेव्हा रांधणाऱ्या व्यक्तीचं पान पहिल्याच पंगतीत मांडा.