ऐकणारी आहे, मोजणारं कुणी नाही

(मध्यमवयीन स्त्रियांच्या प्रश्नांवर घेतलेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. थोडं संक्षिप्त करून देत आहोत.)

सकाळी आपण पाळी जाण्याच्या काळातल्या तब्येतीबद्दल बोललो, नावावर नसलेल्या घराबद्दल बोललो, मुलं बाहेर पडल्यावर घरात उरणाऱ्या शांततेबद्दल बोललो. त्यानंतर मी रेडिओवर बोलणार म्हटल्यावर दोघी-तिघी हसल्या. ‘एवढे प्रश्न समोर असताना हिला गाणी सुचताहेत!’ हसलात ते बरं केलंत. बाईची करमणूक हा काही प्रश्न नव्हे, असं आपल्यालासुद्धा वाटत आलंय. तिथूनच बोलायला सुरुवात करते.

आमच्या गटाचं शिवणकेंद्र आहे. तिथं सकाळी कुलूप उघडलं की आधी रेडिओ लागतो, मग मशीन. काम करणाऱ्या बहुतेकजणी चाळीस ते साठच्या मधल्या. शिवताना हात गुंतलेले, डोळे गुंतलेले. मोकळे असतात ते फक्त कान. टीव्हीला बसावं लागतं, मोबाइलला बोट लावावं लागतं. काम न थांबवता सोबत करणारा एकटा रेडिओच. बायकांचं आणि रेडिओचं नातं हे असं कामातून जुळलेलं आहे.

एक दिवस रेडिओवरचा मुलगा म्हणाला, फोन करा, आवडीचं गाणं सांगा. आमच्यातल्या एकीनं, वय बावन्न, आयुष्यात पहिल्यांदा असा फोन केला. आम्ही मशीन थांबवून ऐकत होतो. तो म्हणाला, ‘बोला काकू, कुणासाठी लावायचं गाणं? मुलासाठी की सुनेसाठी?’ ही म्हणाली, ‘माझ्यासाठी.’ तो हसला. वाईट हेतूनं नव्हे, अगदी मोकळेपणानं हसला. तिनं सांगितलेलं गाणं काही लागलं नाही, दुसरंच एक नवीन लागलं. तिनं फोन ठेवला, पुन्हा पायडलवर पाय ठेवला आणि म्हणाली, ‘गाणं लागलं नाही त्याचं मला काही नाही गं. पण माझ्यासाठी म्हटल्यावर त्याला हसू का आलं?’

आज मी जे बोलणार आहे ते तिच्या या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिली गोष्ट, त्या मुलावर रागावण्यात अर्थ नाही. कोणतं गाणं लावायचं हे बहुतेक खासगी केंद्रांवर बोलणारा ठरवतच नाही. यादी आधी तयार असते, संगणकावर. ठरावीक गाणी ठरावीक तासांनी फिरत राहतात. यादीत गाणं घेण्याआधी त्याचा तुकडा काही लोकांना ऐकवून पसंती विचारतात, आणि ते ‘काही लोक’ कोणत्या वयाचे असावेत हेही आधी ठरलेलं असतं. म्हणजे आमच्या मैत्रिणीनं फोन उचलायच्या कितीतरी आधी तिचं गाणं बाद झालेलं होतं.

मग हे वय ठरवतं कोण? इथं एक साधी गोष्ट लक्षात घ्या. आपल्याला वाटतं रेडिओ आपल्याला गाणी देतो. खासगी रेडिओचा धंदा उलटा आहे. तो गाणी लावून आपले कान गोळा करतो आणि ते जाहिरातदाराला विकतो, दहा-दहा सेकंदांच्या हिशेबानं. आपण गिऱ्हाईक नाही, आपण माल आहोत. आणि माल कुठला उचलायचा हे विकत घेणारा ठरवतो. त्याला हवा असतो तरुण, नुकता कमावता, हातात पैसा खेळणारा. त्याला ते ‘टार्गेट ग्रुप’ म्हणतात.

बरं, घर कोणत्या वर्गातलं, खर्च करू शकणारं की नाही, हे कसं ओळखायचं? बाजाराची पाहणी करणाऱ्यांकडे त्याचं कोष्टक असतं. जुन्या कोष्टकात घरातल्या मुख्य कमावणाऱ्याचं शिक्षण आणि त्याचा व्यवसाय बघत. २०११ मध्ये नवीन पद्धत आली. तिच्यात मुख्य कमावणाऱ्याचं शिक्षण आणि ठरावीक अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत ते बघायचं. दोन्हीकडे ‘मुख्य कमावणारा’ आहेच. मैत्रिणींनो, रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुखाशी आपण किती भांडलो! तोच इथंही बसलाय. आपल्या आयांच्या वेळी घरच्या रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे, तोही बहुतेक घरांत वडिलांच्या नावावर. तो परवाना ऐंशीच्या दशकात रद्द झाला. ऐकणारी मात्र अजून त्यांच्याच नावावर मोजली जाते.

याआधी सगळं छान होतं असं मला म्हणायचं नाही. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, तीही सरकारला गाण्याची हौस होती म्हणून नव्हे. आकाशवाणीनं सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली होती आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले होते, म्हणून. १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. पण तिचा पगार काही निव्वळ जाहिरातीतून निघत नव्हता. त्यामुळे दिवसाच्या वाटण्या करणं तिला परवडत होतं: सकाळी जुनी गाणी, मग शास्त्रीय संगीत, फौजी भावांसाठी वेगळं, बायकांसाठी वेगळं. फर्माइशीला एक पोस्टकार्ड पुरायचं, आणि पोस्टकार्डावर वय लिहावं लागत नव्हतं.

‘वनिता मंडळ’सारख्या कार्यक्रमांची आपण तेव्हा चळवळीत टिंगल करायचो. लोणची, विणकाम, बाळाची निगा, सुगृहिणीचे गुण. टीका बरोबरच होती. पण एक कबूल करूया. त्या तासाला निदान धरून चाललेलं होतं की दुपारी घरात एक बाई आहे आणि ती ऐकते आहे. ते तिला काय सांगतात याच्याशी आपलं भांडण होतं. आजचं भांडण त्याच्याही आधीचं आहे. ती ऐकते आहे, हेच कुणाच्या हिशेबात नाही.

खासगी एफएम आपल्या देशात २००१ मध्ये सुरू झालं. पहिल्या फेरीत लिलावात बोललेली फी दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढायची. ती झेपेना, तेव्हा २००५च्या धोरणानं ठोक फीऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं आणि केंद्रं भराभर वाढली. मुंबईत सहा-सात केंद्रं झाली. आपल्याला वाटलं, आता तऱ्हेतऱ्हेचं ऐकायला मिळणार. सुई फिरवून बघितलं तर सगळीकडे तेच गाणं!

असं का व्हावं? याचा हिशेब पीटर स्टायनर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९५२ सालीच मांडला होता. मी तो आपल्या भाषेत सांगते. समजा, गावात हजार ऐकणारे आहेत. आठशेंना नवी गाणी हवीत, दोनशेंना दुसरं काही हवंय. पहिलं केंद्र आठशेंकडे जाणार. दुसरंही तिकडेच, कारण निम्मे म्हणजे चारशे मिळतात. तिसऱ्याला तिथं साधारण दोनशे सहासष्ट मिळतात, तेही तिकडेच. चौथ्यालाही तिथं दोनशे मिळतातच. उरलेल्या दोनशेंचा विचार पाचव्यानं करायचा. पण सगळी केंद्रं एकाच मालकाची असती, तर त्यानं दुसरंच केंद्र या दोनशेंसाठी काढलं असतं, कारण आठशे त्याच्या खिशात आधीच आहेत. आपल्याकडे २००५च्या धोरणात एका शहरात एका मालकाला एकच केंद्र, असा नियम होता. मक्तेदारी नको म्हणून केलेला नियम, हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे प्रत्येकजण त्याच आठशेंच्या मागे धावला.

तुम्ही म्हणाल, मग पाचवं, सहावं केंद्र तर आलं होतं, ते आपल्याकडे का वळलं नाही? कारण जाहिरातदाराच्या वहीत दोनशे कान म्हणजे दोनशे नसतात. पंचविशीतल्या मुलाचा कान पूर्ण धरतात, पन्नाशीतल्या बाईचा पाव. त्यांची समजूत अशी, की चाळिशीनंतर माणूस साबणसुद्धा बदलत नाही, आणि बाईच्या पर्समधले पैसे तिचे नसतात.

हे खरं आहे का? तुम्हीच आठवून बघा. तेल कोणतं आणायचं, डॉक्टर कोणता, मुलीला कोणत्या कॉलेजात घालायचं, बचतगटाचं कर्ज शेळीसाठी काढायचं की मशीनसाठी? ही पन्नाशीतली बाईच तर घर चालवते. वर म्हाताऱ्या सासूचं औषधपाणी आणि नातवंडाचं दूधही बघते. पैसा तिच्या हातून जातो. फक्त त्याच्यावर तिचं नाव लिहिलेलं नसतं.

बायकांसाठी म्हणून केंद्रं निघाली नाहीत असं नाही. २००७ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता इथं ‘म्याँव’ नावाचं खास बायकांसाठी केंद्र निघालं, गप्पांवर भर देणारं. २०१० मध्ये त्याचं नाव बदललं आणि बायकांसाठी ही ओळखही गेली. पुढे २०१५च्या लिलावाच्या वेळी एका शहरात एका मालकाला जास्त केंद्रं घ्यायची मुभा मिळाली, आणि लगेच २०१६ मध्ये मुंबईत, दिल्लीत जुन्या गाण्यांची केंद्रं निघाली. स्टायनरचा हिशेब खरा ठरला म्हणायचा! २०१७ मध्ये पाच हजार जुनी गाणी भरलेला ‘कारवाँ’ नावाचा डबा बाजारात आला. दिसायला अगदी जुना रेडिओ, किंमत पाच-सहा हजार. तो धडाधड खपला. किती घरांत मुलांनी तो आईवडिलांना भेट दिला! म्हणजे ऐकणारे होतेच. जे रेडिओवर फुकट मिळायचं ते विकत घ्यावं लागलं, एवढंच. आणि आमच्या शिवणकेंद्रातल्या बाईला पाच-सहा हजारांचा डबा कोण भेट देणार?

इथं मला एक सावधगिरीचं बोलायचंय. मध्यमवय म्हणजे जुनी गाणी, एवढ्यावर आपण समाधान मानायचं का? आमची बावन्न वर्षांची मैत्रीण १९९० च्या आसपास सोळा-सतराची होती. जुनी गाणी म्हणून जी लावतात, त्यातली कित्येक तिच्या आईच्या तरुणपणाची आहेत. तिला नवंही आवडतं, चांगलं असलं तर. मुद्दा नव्या-जुन्या गाण्यांचा नाहीच. मुद्दा असा, की दोन गाण्यांच्या मधे जे बोललं जातं ते कुणाशी बोललं जातं? ते कॉलेज, ऑफिस आणि पहिलं प्रेम यांच्याबद्दल असतं. रात्री अंगातून वाफा निघतात, झोप येत नाही, याबद्दल तिच्याशी कोण बोलणार? पन्नाशीत पुन्हा नोकरी शोधणारीशी? नवरा गेल्यावर पहिल्यांदा बँकेत जाणारीशी? जुनी गाणी लावली की तिला तिच्या भूतकाळात पोचवल्यासारखं होतं. तिचं आयुष्य तर आज चाललंय.

यावर कुणी म्हणेल, खासगी धंदा आहे, तो त्याचा फायदा बघणार. मान्य. पण ज्या लहरींवर तो धंदा चालतो त्या त्याच्या मालकीच्या नाहीत. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा. गावच्या पाणवठ्यासारखीच ही गोष्ट. पाणवठा सगळ्यांचा आहे म्हणून आपण भांडलो. लहरी सगळ्यांच्या आहेत म्हणून का भांडू नये?

आणि हे होऊ शकतं. २००६ च्या धोरणानं सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येऊ लागला. २००८ मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला. त्याच वर्षी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आताच्या तेलंगणात, माचनूरला दलित शेतकरी बायकांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. तिथं गावातल्या बाईला तिच्याच बोलीत बोलताना ऐकायला मिळतं. तिथं तिला कुणी ‘मुलासाठी की सुनेसाठी’ असं विचारत नाही.

आता आपण काय करायचं? मी तीन गोष्टी सुचवते. एक, प्रत्येक गटानं महिनाभर वही ठेवावी. कोण, कधी, काय काम करताना रेडिओ ऐकते आणि तिला काय ऐकायचं होतं, ते तिच्या स्वतःच्या नावानं लिहावं. आपली मोजणी आपण करू. दोन, त्या वह्या घेऊन आकाशवाणीच्या आणि खासगी केंद्रांच्या दारात जाऊ. आकाशवाणी आपल्या पैशावर चालते, तिच्यावर तर आपला हक्कच आहे. तीन, पुढच्या धोरणासाठी सूचना मागवतील तेव्हा एक मागणी लेखी करू: श्रोत्यांची मोजणी करताना चाळिशीपुढच्या बायका वेगळ्या मोजा, आणि घरातल्या मुख्य कमावणाऱ्यावरून त्यांची किंमत ठरवू नका.

आमची मैत्रीण आज इथं आहे, मागच्या रांगेत. तिला विचारलं, तुझ्याबद्दल बोलू का? म्हणाली, ‘बोल. पण नाव सांगू नकोस, नाहीतर घरचे विचारतील, दुकान सोडून फोन कसले करतेस म्हणून.’ स्वतःसाठी एक गाणं मागितलं, तर तेही लपवावं लागतं. म्हणून हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

उद्या शिवणकेंद्रातली वही तिच्यापासूनच सुरू होणार आहे.