मराठवाड्यातील मोटारवाहतूक : जपण्याजोगा इतिहास

१ जून हा एस. टी.चा वर्धापन दिन. १९४८ साली याच दिवशी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर सरकारी प्रवासी वाहतुकीची पहिली बेडफर्ड गाडी धावली. महाराष्ट्राच्या दळणवळणाच्या इतिहासातील हा सोनेरी दिवस आहे, यात शंका नाही. परंतु हिंगोली, कळमनुरी, वसमत या गावांच्या दृष्टीने पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. ज्या दिवशी ती गाडी निघाली त्या दिवशी ही गावे मुंबई प्रांतात नव्हती. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती. संस्थान मुक्त झाले ते त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी. साहजिकच येथील सरकारी मोटारवाहतुकीचा आरंभ १ जून १९४८ या तारखेपाशी सापडत नाही. तो सोळा वर्षे मागे जाऊन शोधावा लागतो.

मोटारगाड्यांच्या इतिहासाचे संशोधन आणि जतन हा विषय निघाला की राजेरजवाड्यांच्या चकचकीत गाड्या डोळ्यांसमोर येतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा विषय वेगळ्या वाटेने हाताळावा लागेल. येथे सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात मोटार कशी आली आणि तिने काय बदलले, हे शोधणे हेच खरे संशोधन ठरेल.

सत्तावीस गाड्यांचा आरंभ

पूर्णा ते हिंगोली हा मीटरगेज लोहमार्ग १९१२ साली सुरू झाला. वसमतला त्यामुळे आगगाडी मिळाली आणि हिंगोली हे या फाट्याचे अखेरचे स्थानक बनले. औंढा नागनाथ, कळमनुरी आणि सेनगाव ही गावे मात्र लोहमार्गापासून दूर राहिली. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू असो की कापसाचे बोचके घेऊन बाजारास निघालेला शेतकरी असो, रेल्वेपासून पुढचा प्रवास बैलगाडीचा किंवा पायांचा. हीच पोकळी पुढे मोटारीने भरून काढली.

१९३० मध्ये निजाम सरकारने आपल्या राज्यातील रेल्वे खाजगी कंपनीकडून स्वतःकडे घेतली. देशभर त्या सुमारास खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ रेल्वेचे उतारू पळवीत होत्या. गाडी भरेल तेव्हा निघायची आणि भाडे ठरेल ते द्यायचे, अशी तेव्हाची रीत होती. यावर हैदराबाद राज्याने वेगळा तोडगा काढला. रेल्वेनेच रस्त्यावर मोटारी चालवाव्यात असे ठरले आणि जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी यांच्यासह रेल्वेचे मार्ग परिवहन खाते सुरू झाले. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील ‘अल्बियन’ कंपनीच्या गाड्या त्यासाठी आणण्यात आल्या. शासनाने स्वतः प्रवासी मोटारवाहतूक चालविण्याचा भारतातील हा अगदी आरंभीचा प्रयोग होय. याच खात्याच्या गाड्या पुढे संस्थानच्या मराठी मुलखातही धावू लागल्या.

त्या १९३२ सालच्या ताफ्यातील एकोणीस आसनांची एक अल्बियन गाडी हैदराबादच्या बस भवनात जतन करून ठेवण्यात आली आहे. सत्तावीसांतील ही एक गाडी राहिली, कारण तिला भंगाराच्या वाटेवरून कोणीतरी वेळीच बाजूला घेतले.

कागदपत्रांच्या वाटण्या

गाडीपेक्षाही कागद लवकर हरवतो. मराठवाड्याच्या बाबतीत तर कागदांच्या वाटण्या अनेकदा झाल्या. १ नोव्हेंबर १९५१ रोजी ही वाहतूक रेल्वेकडून हैदराबाद राज्य शासनाच्या खात्याकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला आणि मराठवाड्याच्या वाहतुकीचा कारभार स्वतंत्रपणे चालू लागला. १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन होऊन मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र येथील सरकारी गाड्या एका छत्राखाली आल्या. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. वाहनांच्या पाटीवरील एमएच २२ ऐवजी येथे एमएच ३८ हा क्रमांक दिसू लागला. एस. टी.ची हिंगोली, वसमत आणि कळमनुरी ही आगारे मात्र परभणी विभागातच राहिली.

प्रत्येक बदलाच्या वेळी काही दप्तरे पुढे गेली, काही मागे राहिली. म्हणून या जिल्ह्याच्या मोटारीचा माग काढू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर, परभणी आणि मुंबई अशा चार दिशांना जावे लागते. शिवाय भाषेची अडचण आहेच. निजामी राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू होती, रेल्वेचा पुष्कळसा व्यवहार इंग्रजीत होता आणि नंतरचे कागद मराठीत आहेत. उर्दू दस्तऐवज सहज वाचणारी माणसे गावोगावी होती, तो काळ मागे पडत चालला आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेला परभणी जिल्ह्याचा गॅझेटिअर हा अशा अभ्यासाचा पहिला टप्पा ठरू शकतो. तथापि गॅझेटिअरमध्ये रस्त्यांची लांबी मिळते. पहिली गाडी गावात आली त्या दिवशी काय घडले, हे त्यात मिळत नाही.

कोणती गाडी जपावी ?

मातब्बर गाड्यांना जपणारे हात नेहमीच मिळतात. निजामाची रोल्स रॉइस जपली गेली. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाने १९९४ पासून लष्करी वाहनांचा मोठा वारसा सांभाळला आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा सगळ्या महानगराने तिला निरोप दिला. खेड्यात मुक्कामी येणारी एस. टी. बदलली तेव्हा तिला निरोप द्यायला कोणी आले नाही.

वास्तविक ग्रामीण भागाचा इतिहास तीन वाहनांनी घडविला आहे. पहिले वाहन एस. टी. बस. बसचा सांगाडा कारखान्यातून येई आणि त्यावरील बांधणी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांतून होत असे. आसनांची रचना, टपावरील सामानाची जाळी, मागची शिडी, दाराची कडी या सर्वांत महाराष्ट्रातील कारागिरांचा हात दिसतो. दुसरे वाहन जीप. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी, आरोग्यसेवक, हिवताप निर्मूलनाची पथके यांच्याबरोबर जीप खेड्यात शिरली. खेडुतांच्या तोंडी ‘जीप आली’ याचा अर्थ ‘सरकार आले’ असा होता. तिसरे वाहन ट्रॅक्टर. त्याच्या पहिल्या नांगरटीने बैलजोडी आणि मजुरी या दोहोंचा हिशेब बदलून टाकला.

ही तीनही वाहने कामाची. कामाची वस्तू झिजेपर्यंत वापरली जाते आणि झिजली की वजनावर विकली जाते. म्हणून शंभर मोटारगाड्यांच्या प्रदर्शनात एखादा जुना ट्रॅक्टर क्वचितच दिसतो.

कायद्याची चौकट

केंद्र शासनाने २०२१ मध्ये जुन्या वारसा वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूप टिकवून ठेवलेली आणि व्यापारासाठी न वापरली जाणारी दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हीए’ अक्षरांच्या खास क्रमांकाखाली नोंदविता येतात. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. ज्याच्या घरी आजोबांची मोटारसायकल किंवा मोटार आहे, त्याला या तरतुदीचा लाभ घेता येईल. मात्र बस, मालमोटार आणि ट्रॅक्टर यांना ही चौकट लागू होत नाही.

दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढली जातात. परिवहन उपक्रमांच्या बसेसही त्यात येतात. प्रदूषण आणि अपघात टाळण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. मात्र त्याचा एक परिणाम ध्यानात घ्यावा लागेल. खाजगी हौसेची गाडी पन्नाशी गाठून वारसा ठरू शकते. लोकांच्या पैशाने घेतलेली आणि लोकांनीच वापरलेली गाडी पंधराव्या वर्षीच संपते. तिचा नमुना ठेवायचा असेल तर तो विचार लिलावाच्या आधी व्हावयास हवा.

जिल्ह्यात काय करता येईल ?

या कामास मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. आरंभ आठवणींपासून करावा. संस्थान मुक्त झाले तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई पडल्यावर कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी, हॅण्डल फिरवून सुरू करावे लागणारे इंजिन, पावसाळ्यात कयाधूला पूर आला की दोन्ही काठांवर अडकून पडणारे प्रवासी हे सारे अशाच वडीलधाऱ्यांकडून ऐकावयास मिळेल. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत आपल्या गावापुरते चार प्रश्न विचारावेत. गावात पहिली गाडी कोणती आली, कोणत्या साली आली, ती कोठे उभी राहत असे, आणि तिच्यातून पहिल्यांदा कोण कोठे गेले ? साल आठवत नसल्यास दुष्काळ, निवडणूक, लग्न अशा घटनांशी त्याची सांगड घालावी आणि ती तशीच टिपून ठेवावी.

त्यानंतर कागद. नोंदणी पुस्तिका, परवाना, चालकाचा बिल्ला, वाहकाची तिकिटांची पेटी आणि पंच, जुने वेळापत्रक, गाडीपुढे उभे राहून काढलेले छायाचित्र यांना बाजारात किंमत नाही, म्हणूनच घर आवरताना ती सर्वप्रथम बाहेर जातात. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलने गाव, साल आणि व्यक्तींची नावे लिहावीत. शाईने लिहू नये आणि छायाचित्राला चिकटपट्टी लावू नये. शासकीय दप्तरांबाबत महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू असून जुनी नस्ती नष्ट करण्याची पद्धत त्यात घालून दिली आहे. ज्या कार्यालयांत वाहनांच्या नोंदवह्या आहेत त्यांनी ती कटाक्षाने पाळल्यास इतिहासावर मोठे उपकार होतील.

शेवटी प्रत्यक्ष वाहन. जुनी गाडी सापडली की तिला नवा रंग देण्याचा मोह होतो. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेल्या ट्युरिन सनदेत मूळ अवशेष टिकविण्यावर भर दिला आहे. दरवाजावरील पुसट अक्षरे, मालकाने स्वतः केलेली डागडुजी, झिजलेले पायदान हे त्या वाहनाचे दस्तऐवजच होत. प्रथम सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक टिपावा व सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. टाकीतील जुने इंधन काढून टाकावे, चाके जमिनीपासून उचलून ठोकळ्यांवर ठेवावीत, वर पक्के छप्पर करावे आणि उंदरांपासून तारा जपाव्यात. एवढे केले तरी पुढील पिढीला पुष्कळ काही हाती लागेल.

शेवटची गाडी

श्रोतेहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी नगरहून पुण्याला निघालेल्या गाडीचा सन्मान होतो, तो व्हावाच. त्याबरोबरच १९३२ च्या जूनमध्ये निघालेल्या त्या सत्तावीस गाड्यांचीही मराठवाड्यातील आगारांतून आठवण निघाली, तर येथील इतिहासाला त्याची खरी पहिली तारीख परत मिळेल. त्या आठवणीसाठी खर्च नाही, परवानगी नाही. वेळ मात्र थोडा आहे. एखाद्या अंगणात पत्र्याखाली जुनी जीप उभी असेल आणि शेजारच्या ओसरीवर ती चालविणारा वृद्ध बसला असेल, तर भंगारवाला येण्याआधी कोणीतरी वही घेऊन त्यांच्यापाशी जाऊन बसावे.